नकाशावरची कोरी टेकडी

साथीच्या त्या वर्षाचा विषय निघाला, की आकडेबाई गप्प बसते. बाकीचे बोलत असतात. कुणाचा मामा गेला, कुणाची नोकरी गेली, कुणी चार महिने आईचं तोंड पाहिलं नाही. ती मान हलवत ऐकते. लोकांना वाटतं, बाईने आरोग्य खात्यात राहून इतकं पाहिलंय की तिला बोलवत नाही. ते खरंही आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तिने कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगायची लाज वाटते. त्या वर्षातल्या काही संध्याकाळी परत मिळणार असतील, तर तिला त्या हव्या आहेत.

तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. महापालिकेच्या आरोग्य खात्यात रोगांच्या नोंदी ठेवायचं काम. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, भिंतभर शहराचा नकाशा, आणि टेबलावर टाचण्यांच्या डब्या. या आठवड्यात आजारी पडलेल्याची लाल टाचणी, मागच्या आठवड्यातल्याची पिवळी, त्याआधीच्याची पांढरी. साथ नसायची तेव्हा त्या नकाशावर धूळ बसायची आणि शिपाई तिला चिडवायचा, "बाई, तुमचं शहर ठणठणीत आहे, आता तुम्हीच आजारी पडा." साथ आली आणि दोन महिन्यांत टाचण्या संपल्या. शिंप्याकडून मागवाव्या लागल्या.

रोज दुपारी दवाखान्यांतून आणि तपासणी केंद्रांतून फॉर्मचे गठ्ठे यायचे. वय, पत्ता, फोन, ताप कधी आला, काम काय करता. कारकून बसून ते उतरवून घ्यायचे आणि आकडेबाई टाचण्या लावायची. हळूहळू तिला साथीच्या खोडी कळायला लागल्या. सोमवारी आकडा धाडकन पडायचा, वर्तमानपत्रं आनंदायची, आणि फक्त तिला ठाऊक असायचं की रविवारी प्रयोगशाळा बंद असते. बुधवारी सगळी कसर भरून निघायची. साथ आधी स्टेशनभोवती रेंगाळली. मग बसच्या मार्गाने, थांब्याथांब्याला उतरत, कापड गिरणीपर्यंत गेली. तिथून कामगारांच्या चाळींत शिरली. एका घरात एक जण आजारी पडला की पाच-सहा दिवसांनी दुसरा. पहिल्या महिन्यात म्हातारीकोतारी माणसं, पुढे कमावती. मोठे डॉक्टर, म्हणजे खात्याचे साथरोग अधिकारी, रोज चारला नकाशासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. "काय आकडेबाई, आज काय म्हणतंय आपलं शहर?" हे नाव त्यांनीच पाडलेलं.

डोकेदुखी एकच होती, पत्ते. तापाने फणफणलेला माणूस पत्ता काय धड सांगणार? "शाळेमागे, पिवळी इमारत." आता शहरात शाळा शंभर. एक दिवस असा फॉर्म हातात घेऊन ती इतकी वैतागली की तिने सरळ घरी फोन लावला.

घरी बाबा होते. चौतीस वर्षं पोस्टमनकी करून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट, गुडघे गेलेले. आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्या चार वर्षांत बापलेकींचं बोलणं आटत आटत तीन वाक्यांवर आलं होतं. "जेवलीस?" "हो." "दार नीट लाव." वाकडं काही नव्हतं. विषय नव्हता, एवढंच. दोघांच्या मधे बसून बोलणारी जी होती, ती उठून गेली होती.

"बाबा, शाळेमागची पिवळी इमारत कुठे असेल हो?"

बाबा म्हणाले, "जुनी पिवळी की नवी पिवळी?"

"मला काय माहीत?"

"खाली सायकलवाला आहे का विचार. सायकलवाला असेल तर जुनी. आता तिला निळा रंग दिलाय, पण लोक पिवळीच म्हणतात."

तिने पेशंटला फोन करून विचारलं. खाली सायकलवाला होता.

त्या दिवसापासून नियमच झाला. न उलगडणारे पत्ते ती एका कागदावर उतरवून घरी न्यायची. नावं नाहीत, आजार नाही, नुसते पत्ते. संसर्गाच्या भीतीने तिने स्वतःला पुढच्या खोलीत टाकलं होतं, बाबांना आतल्या. संध्याकाळी हातपाय धुऊन, कपडे बदलून ती जिन्यात बसायची आणि बाबा उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकायचे. मधे आठ-नऊ फूट. दोघांच्या तोंडावर कापड, त्यामुळे बोलायचं तर मोठ्याने. वरच्या मजल्यावरची मावशी कठड्यावरून डोकावून म्हणायची, "अहो, भांडताय की काय?"

"नाही हो, टपाल वाटतोय," बाबा म्हणायचे.

आणि खरोखरच ते टपाल वाटायचे. पत्ता ऐकला की डोळे मिटायचे, आणि डावा हात गठ्ठा धरल्यासारखा छातीशी जायचा. "थांब हं. स्टेशनवरून निघालो. डाव्या हाताला छापखाना. त्याच्या पुढे कुत्रं. चावरं होतं मेलं. कुत्र्यानंतर तिसरा जिना." असं करत करत ते पत्त्यापाशी पोचायचे, आणि वाटेत जे जे लागेल ते सांगत जायचे. छापखान्याचा मालक आपल्याच लग्नाची पत्रिका चुकीच्या तारखेची छापून बसला होता. एका आजीबाईंना मुलाचं पत्र येत नसे, म्हणून बाबा त्यांच्या दारावरून जाताना घंटी वाजवत नसत, उगीच आशा लागायला नको. आकडेबाईला वाटायचं, या माणसाबरोबर आपण चाळीस वर्षं एका घरात राहिलो आणि हे यातलं काहीच आपल्याला ठाऊक नाही. सात वाजता वाटप संपायचं. तरी दोघं आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहायची.

साथीच्या तिसऱ्या महिन्यात ते दुकानाचं प्रकरण झालं.

शहराच्या उत्तरेला टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी पाणटाकी रस्ता, आणि त्या रस्त्यावर सत्तेचाळीस नंबरला किराणा दुकान. तीन आठवड्यांत त्या एका पत्त्यावर त्रेसष्ट पेशंट नोंदले गेले. टाचण्या लावायला जागा पुरेना, एकीवर एक रचावी लागली. कारकुनांनी फोन केले तर लोक म्हणाले, हो, दुकानापाशीच असतो आम्ही. मग काय, दुकानाचं गिऱ्हाईक म्हणून सगळ्यांची नोंद झाली आणि आकडेबाईने अहवालात लिहिलं की संसर्गाचं केंद्र हे दुकान. दुसऱ्या दिवशी दुकानाला टाळं लागलं. कुणीतरी त्याच्या फळ्यांवर कोळशाने लिहून ठेवलं, 'साथ इथून पसरली.' दुकानदाराची दोनदा तपासणी झाली. दोन्ही वेळा त्याला काही नाही.

हे तिला खुपत होतं. दुकानात साथ आहे आणि दुकानदार धडधाकट? शिवाय एका जागेवरून पसरलेली साथ दोन-चार दिवसांत भडकून दिसते. इथे तारखा टप्प्याटप्प्याने येत होत्या, घराघरांत पसरते तशा. आणि पेशंटांत दीड वर्षाचं मूल होतं, ब्याऐंशीच्या आजी होत्या. ही काय दुकानात येणारी माणसं?

त्या संध्याकाळी तिने जिन्यातून विचारलं, "बाबा, पाणटाकी रस्ता, सत्तेचाळीस. दुकान केवढं आहे हो?"

"केवढं असणार? दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं."

"मालकाच्या घरी किती जण?"

"तो, बायको आणि बहीण. का गं?"

"त्या पत्त्यावर त्रेसष्ट जण आहेत."

बाबा हसायला लागले. इतके, की तोंडावरचं कापड घसरलं. "अगं वेडे, ती मार्फतवाली माणसं!"

"मार्फतवाली म्हणजे?"

"टेकडीवर वस्ती आहे ना, दोनेकशे घरांची. तिथे ना रस्त्याला नाव, ना घराला नंबर. सरकारी कागदात ती वस्तीच नाही. मग त्यांची पत्रं यायची कशी? दुकानदाराच्या मार्फत. अमुक तमुक, मार्फत किराणा दुकान, पाणटाकी रस्ता सत्तेचाळीस. मी तिथे गठ्ठा टाकायचो, ते खाली येऊन घेऊन जायचे. आता त्यांना कुणी पत्ता विचारला तर दुसरा कुठला सांगतील? आणि खरा सांगायला भितात. पत्ता लागला की वस्ती हटवायला माणसं येतील असं वाटतं."

आकडेबाईच्या डोळ्यांपुढे नकाशा आला. टेकडी कोरी होती. तीन महिने एकही टाचणी नाही. खोलीत सगळे म्हणायचे, वर हवा मोकळी आहे. तिनेही ते मान हलवून ऐकून घेतलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "दुकान माझ्या अहवालामुळे बंद झालंय."

बाबांचं हसू विरलं. "मग ती माणसं खायला कुठून आणत असतील?" त्यांनी विचारलं. "वर दुसरं दुकान नाही."

सकाळी खातं उघडायच्या आत ती मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी उभी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या वडिलांनी."

"ते कोण?"

"पोस्टमन होते."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते ओरडतील असं तिला वाटलं. ते म्हणाले, "चूक तुमची एकटीची नाही. सही माझी आहे. दुकान तासाभरात उघडतो. पण वर माणसं पाठवायची तर त्यांना घरं कोण दाखवणार? वस्तीतले लोक दारं उघडणार नाहीत."

तिला उत्तर माहीत होतं आणि ते तोंडातून काढायचं नव्हतं. पण बाबांनी ते आधीच ठरवून टाकलेलं. घरी गेली तर त्यांनी पेटीच्या तळातून आपली खाकी टोपी काढून झटकायला घेतली होती.

"तुम्ही जाणार नाही," ती म्हणाली. "तुमच्या वयाच्या माणसांचं काय होतं ते मी रोज भिंतीवर लावतेय."

"लाव की. मी कुठे तुझ्या कामात लक्ष घालतोय?"

"बाबा, चेष्टा नको. गुडघे बघा तुमचे."

"गुडघे चढायला लागतात. बसून राहायला काय लागतं ते मला चार वर्षांत कळलंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, मला बघून ते दार उघडतील. दुसऱ्या कुणाला बघून नाही उघडणार. हे तुलाही कळतंय."

तिला कळत होतं. ती रडली, चिडली, एक दिवस बोलली नाही. तरी तिसऱ्या दिवशी दोन परिचारिका, एक तपासनीस आणि टोपी घातलेले बाबा अशी वरात टेकडी चढायला लागली.

पुढचे अकरा दिवस तिला टेकडी संध्याकाळी जिन्यात कळायची. बाबा दारोदार हाक मारायचे, "टपाल आहे!" लोक सवयीने बाहेर यायचे आणि समोर परिचारिका बघून दचकायचे. "टपालच आहे," बाबा सांगायचे, "तुमच्या तब्येतीची चौकशी आलीय." परिचारिका दारावर खडूने नंबर घालायच्या. पहिल्या दिवशी लोकांनी ते पुसून टाकले. दुसऱ्या दिवशी दुकानदार स्वतः वर आला, टाळं आणि बदनामी सोसली होती तरी, आणि म्हणाला, "राहू द्या रे. माझं दुकान परत उघडलं ते यांच्यामुळेच." तिसऱ्या दिवशीपासून लोकच हाका मारू लागले, आमच्या दाराला नंबर राहिला. दोनशे बारा घरं निघाली. आजारी माणसं एकशे सत्तर. शिवाय त्या तीन महिन्यांत वर सात जण दगावले होते आणि त्यातल्या एकाचीही नोंद कुठे नव्हती. एकच नळ, पायथ्याशी, आणि सकाळ-संध्याकाळ सगळी वस्ती त्या रांगेत खांद्याला खांदा लावून. साथीला आणखी काय हवं? डॉक्टरांनी वर पाण्याच्या टाक्या चढवल्या, रिकामी शाळा उघडून आजाऱ्यांना खाली आणलं. महिन्याभरात टेकडीवरच्या लाल टाचण्या पिवळ्या व्हायला लागल्या. हाताखालची माणसं कमी पडत होती, म्हणून त्या घरांना रोज फोन करून ताप आणि दम विचारायचं काम आकडेबाईने स्वतःकडे घेतलं.

बाराव्या दिवशी बाबांना ताप भरला.

दवाखान्यात कुणाला भेटू देत नसत. फोन होता, पण दम लागायचा म्हणून तो दोन मिनिटांचाच. तिसऱ्या दिवशी त्यांचा फॉर्म इतर गठ्ठ्यांबरोबर तिच्या टेबलावर आला. पुरुष, अडुसष्ट, निवृत्त. तिने लाल टाचणी उचलली आणि हात थांबला. संध्याकाळी फोनवर बाबांनीच विचारलं, "लावलीस का मला?"

"हो."

"कुठे?"

"घरी. राहत्या पत्त्यावर लावतात."

"हे चूक आहे," मधे श्वास घेत ते म्हणाले. "मला झालं टेकडीवर. टाचणी तिथे पाहिजे."

"नियम राहत्या पत्त्याचा आहे, बाबा."

"तुझ्या नियमानेच दुकान बंद पडलं होतं."

"म्हणून तर आता नीट पाळतेय."

पलीकडून खोकला आणि हसू एकदमच आलं. परिचारिकेने फोन काढून घेतला. आकडेबाई त्या रात्री भिंतीला टेकून बसली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा आकड्यांचा राग केला. अडुसष्ट वयाच्या पुरुषांत दहातले दोन जात होते. हे तिनेच काढलं होतं, अहवालाच्या वरच्या बाजूला तांबड्या शाईने लिहून दिलं होतं.

बाबा त्या उरलेल्या आठांतले निघाले. सतरा दिवसांनी घरी आले, वजन निम्मं, आवाज पातळ, जिन्याच्या दर चार पायऱ्यांवर एकदा बसायचे. पण आले. पुढे सात वर्षं जगले आणि गेले ते झोपेत, साथीशी काही संबंध नसताना. टेकडीला रीतसर नळ मिळाला. घरांना पत्र्याचे नंबर लागले, आणि वस्तीचं नाव कागदावर चढलं. दुकानदाराची माफी मागायला मोठे डॉक्टर स्वतः गेले, त्याने त्यांना आत बोलावलं नाही आणि डॉक्टरांनीही राग मानला नाही.

साथ ओसरली तशी ते पत्त्यांचं वाटपही संपलं. जिन्यात बसायचं कारण उरलं नाही. खोल्या पुन्हा एक झाल्या, एका टेबलावर जेवणं सुरू झाली, आणि गंमत म्हणजे आठ फुटांवरून जे बोलणं व्हायचं ते आता दीड फुटांवर अडायला लागलं. पूर्वीसारखं आटलं नाही, पण जिन्यातल्यासारखंही राहिलं नाही. तिने एकदोनदा मुद्दाम एखादा पत्ता काढून पाहिला. बाबांना लगेच कळायचं. "हा तुला येतोय," म्हणायचे.

पण त्याआधी एक दिवस मिळाला. दवाखान्यातून आल्यावर तीन महिन्यांनी बाबा म्हणाले, "टेकडी बघितलीस का तू?" तिने बघितली नव्हती. तिला तिथलं प्रत्येक घर नंबराने पाठ होतं, कुणाला कधी ताप आला ते माहीत होतं, पण तिथे पाय ठेवला नव्हता. रविवारी सकाळी दोघं निघाली. बाबांना दर वीस पावलांवर थांबावं लागायचं. थांबले की ते दाखवायचे: ते चौऱ्याण्णव, ते शंभर, इथे पाय घसरतो, जप. वाटेत माणसं उठून उभी राहत होती. "पोस्टमनकाका, बसा." "काका, पाणी देऊ?" एका दाराशी पोरगं कडेवर घेतलेली बाई आकडेबाईकडे बघत राहिली. आकडेबाईने नुसतं "पोराचा ताप परत नाही ना आला?" विचारलं, आणि ती बाई ओरडली, "अगं बाई, फोनवाल्या ताई! आवाजावरून ओळखलं!" मग शेजारच्या दोघी धावत आल्या. दोन महिने रोज सकाळी जिला दम लागतो का ते सांगायचं, ती दिसते कशी हे त्यांना बघायचं होतं. "आम्हाला वाटलं तुम्ही जाड असाल," एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या.

त्यांनी चहा केला. एकशे अठ्ठावीस नंबरच्या दारासमोरच्या पायरीवर तिला बसवलं. खाली सगळं शहर पसरलेलं, स्टेशन, गिरणीचं धुराडं, नदी. भिंतीवरच्या नकाशात ती रोज बघायची तेच, फक्त इथे त्याच्यातून धूर निघत होता, कपडे वाळत होते, कुठेतरी कुणीतरी हातोडा मारत होतं. तिला बाबांना दाखवायचं होतं की बघा, आपला जिना कुठे येईल. वळून बघते तर बाबा भिंतीला डोकं टेकून गाढ झोपले होते, उन्हात, तोंड जरासं उघडं, कप तसाच हातात. तिने अलगद तो काढून घेतला. पोरगं कडेवर घेतलेली बाई कुजबुजली, "उठवू नका." ऊन पायरीवरून सरकून पलीकडच्या दारावर जाईपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.